घंटा ऐकू येते तिथवर

येप्पुम, १२ ऑक्टोबर १९५३

इम्के,

पाकिटामागचं नाव वाचून हे चुलीत टाकलं नसशील तर पुढे वाच. टाकलं असशील तर मी उगाच बोटं दुखवून घेतेय, पण ते मला इथे बसून कळणार कसं?

माझी शाळा तीन हिवाळ्यांची, तेव्हा अक्षराला हसू नकोस. डुर्कचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण तुझा सासरा तो, पत्र लिही म्हटलं की आठवडाभर पेन्सिलीला टोक काढत बसतो आणि शेवटी हवामान लिहितो.

तुझा बाप आजारी आहे. पोटात गाठ आहे. शहरातून डॉक्टर आला, त्यानं दाबून बघितलं आणि मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाला, "नाताळपर्यंत धरून चला." तुमच्या घराच्या भिंती तुला माहीतच आहेत. गुर्बे आतून ओरडला, "नाताळ मी अडुसष्ट बघितलेत, एखादा हुकला तर माझं काही अडत नाही!" डॉक्टर लाल झाला. मी म्हटलं, "लाजू नका, अजून ओरडतोय म्हणजे बरंच आहे."

दिवसातून तीनदा मी त्याच्याकडे जाते. हौस म्हणून नाही. तुमच्या डावीकडचं पहिलं घर आमचं, म्हणून. मूल झालं, माणूस अंथरुणाला खिळलं, माणूस मेलं, की पहिल्या शेजाऱ्यानं उभं राहायचं. त्यात चर्च बघायचं नाही आणि भांडणही बघायचं नाही. भांडण बघायचं म्हटलं तर येप्पुममध्ये प्रेतं घरातच राहतील.

आणि भांडायला इथे कमतरता कधी होती? चाळीस घरं, देव एक, चर्चं दोन, बेकरी दोन. शेळ्यांच्या सोसायट्यासुद्धा दोन. आमच्या शेळीला तुमच्या चर्चचा बोकड चालत नाही. जे शेळ्यांना समजतं ते तुला आणि माझ्या पोराला, वीब्रेनला, समजलं नाही, आणि मग दोन्ही घरांत बोलण्यासारखं काही उरलं नाही. तुम्ही बोटीवर चढलात त्या दिवशी मी शेळ्या पिळत होते. डुर्क पण बंदरावर आला नाही. तुझा बाप पण नाही. एकटी सिब्बेल आली, तुझी आई. ते मी तुला सांगायला नको.

आता मागणं एकच. त्याला एक ओळ लिही. "कसे आहात" एवढं पुरे. मला काही लिहू नकोस. मी मागत नाही.

सिब्बेल गेली तेव्हा तुला कळवलं नाही म्हणून तू रागावलीस. वीब्रेन तर पत्रांच्या बाबतीत आधीपासून मुकाच होता, तो आता जास्त मुका झाला. तर ऐक. तुझ्या बापानं बजावलं होतं, समुद्रापलीकडे कुणाला कळवायचं नाही. मी काय करणार? शिवाय आपला नेम आहे. मरणाचा निरोप पहिल्या शेजाऱ्यानं दारोदार सांगायचा, घंटा ऐकू येते तिथवर. कालव्याकाठचं शेवटचं शेत, तिथे संपलं. कॅनडात येप्पुमची घंटा ऐकू येते का? नाही ना?

विट्स्के


येप्पुम, ३ नोव्हेंबर १९५३

इम्के,

बावीस दिवस झाले. विमानाचं टपाल दहा दिवसांत पोचतं असं पोस्टमन हेसेल म्हणतो. हेसेल बरंच काही म्हणतो.

तुझा बाप भिंतीतल्या कपाट-पलंगात असतो. बाहेरच्या खाटेवर उबेत झोप म्हटलं तर म्हणे, "लग्न झाल्यापासून मी कपाटातच झोपलोय, आता उघड्यावर कशाला मरू?" ठीक. पण त्या पलंगाची दारं तो सांगेल तशी लावावी लागतात. सकाळी दहा वाजून गेले की म्हणतो, "खिडकीकडचं दार उघड, उजेड येऊ दे." हेसेल अकराला सायकलवरून येतो, तुमच्या फाटकावरून पुढे आमच्याकडे आणि मग बेकरीकडे जातो. तो पुढे गेला की, "लाव आता दार, डोळे दुखतात." येप्पुममध्ये नोव्हेंबरात उजेड असतो तरी कुठे? आणि तो काय अकरालाच येतो?

काल मी त्याच्या टेबलावर बसून हा कागद काढला.

"कुणाला लिहितेस?"

"तुझ्या पोरीला."

"मला पोरगी नाही."

"मग कुणालाच लिहीत नाही. पेज खा."

"पेजेत साखर कमी आहे."

"मेल्यावर भरपूर घालीन."

हसला नाही. पूर्वी अशा बोलण्यावर हसायचा. कुंपणाच्या पलीकडून हसायचा, मला ऐकू येऊ नये म्हणून खोकल्यासारखं करून.

टेकाडाबद्दल बोलतो हल्ली. आजारी माणसाला जुनं आठवतं. हे गाव उभं आहे ते शेणमातीच्या ढिगावर, समुद्राला बांध नव्हते तेव्हा लोकांनी हातांनी रचलेला. भरतीला चहूकडे पाणी, मध्ये एवढंच कोरडं. हजार वर्षं लोकांनी रचलं, आणि गुर्बेच्या बापानं ते सात वर्षांत विकलं. रेताड मुलखातल्या शेतकऱ्यांना खत हवं होतं, आपल्या टेकाडाची माती म्हणजे लोणी. नावा भरभरून गेली. खणायला माझा बाप होता. संध्याकाळी घरी येऊन लाकडी जोडे झटकायचा तेव्हा आतून कुणाच्या तरी पणजीचे दात पडायचे. आई ओरडायची, "जेवायच्या आधी नको!" मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असेच घरी येतात.

चर्चच्या भिंतीपाशी येऊन ते थांबले. थांबले म्हणजे पाद्री खड्ड्यात उभा राहिला म्हणून. म्हणून उत्तरेकडून चर्चला ही अशी कड आहे, पाव चाकूनं कापल्यासारखी. प्रेत घेऊन फेरे घालायची वाट दीड माणसाची. गुर्बे म्हणाला, "मला नेताना त्या बाजूला पाय सांभाळा." मी म्हटलं, "तुझ्याच बापाला विचार, वाट कुठे गेली." म्हणाला, "विचारीन लवकरच."

आता खांद्यांचं बघ. शेजारातल्या सहा घरांतून सहा खांदे लागतात. त्या सहांपैकी तिघं तुमच्यासारखी बोटीनं गेली. एक न्यूझीलंडला, म्हणजे कुठे देव जाणे. एका घरात दोन म्हाताऱ्या बहिणी. उरला डुर्क आणि बेकरीवाला. डुर्क एकाहत्तरचा आहे आणि तुझ्या बापाशी चार वर्षं बोललेला नाही. रस्त्यात समोरून आला तर डुर्क गाईला काहीतरी सांगायला वळतो. गाय नसली तरी.

हे सगळं तुझ्यावर घालत नाही. आहे ते लिहिलं. एक ओळ मागितली होती, ती अजून मागते.

विट्स्के


येप्पुम, २४ नोव्हेंबर १९५३

इम्के,

वीब्रेनची चिठ्ठी आली. साडेतीन वर्षांत पहिली. त्याला मी जन्माला घातलं तेव्हा वाटलं नव्हतं की चार ओळींसाठी दारात अशी उभी राहीन.

"आई, इथे बर्फ पडला आहे. गाई बऱ्या आहेत. इम्के तुमची पत्रं उघडत नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवते. येप्पुमचं नाव घरात काढायचं नाही असा तिनं माझ्याकडून शब्द घेतला आहे आणि तो मी मोडणार नाही. तुम्ही लिहू नका. लिंडाला दाढा येतायत."

बरं. दाढा येतायत ते कळलं. आमच्याकडे पहिली मुलगी झाली की बापाच्या आईचं नाव ठेवतात, पण लिंडा नावाचं कुणी दोन्ही घरांत नव्हतं, म्हणजे कुणाला रुसायला जागा ठेवली नाहीत. शहाणपणाचं केलंत.

तू उघडत नाहीस तर मग खरं लिहायला हरकत काय आहे? भिंतीला सांगितल्यासारखं.

तुझ्या बापानं काही बजावलं नव्हतं. सिब्बेल गेली त्या सकाळी तो स्वयंपाकघरात बसला होता, एक मोजा घातलेला, एक हातात. मी विचारलं, "कुणाकुणाला सांगू?" तो म्हणाला, "सगळ्यांना सांग." एवढंच म्हणाला.

मी डोक्याला काळा रुमाल बांधला आणि निघाले. घराघरांच्या पुढच्या दारावर थाप मारली. आपल्याकडे पुढचं दार लग्नाला आणि मरणाला, त्यामुळे थाप पडली की आतला माणूस उघडायच्या आधीच टोपी काढतो. पायरीवर उभं राहून म्हटलं, गुर्बेची सिब्बेल आज पहाटे गेली, शनिवारी दोनला नेणार. सदतीस घरं. मग कालव्याकाठच्या शेतापर्यंत चिखलातून गेले. तिथून घंटा ऐकू येते, वारा असला तर. तिथे थांबले. हा नेम मी केलेला नाही. घंटेपलीकडे पूर्वी पाणी होतं, सांगायला माणूसच नव्हतं. कालव्यावर उभी राहून मी स्वतःला म्हटलं, सगळ्यांना सांगून झालं.

झालं नव्हतं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

तू महिन्याला एक पत्र आईला लिहायचीस. सिब्बेल ते कुंपणापाशी आणायची आणि मला वाचून दाखवायची. चांगुलपणानं. वीब्रेनची दाढ दुखते, वीब्रेननं गोठा बांधला, वीब्रेन आता मिशी ठेवतो. माझ्या पोराची दाढ मला दुसऱ्या बाईच्या तोंडून, कुंपणावरून. मी धुणं वाळत घालत ऐकायची आणि म्हणायची, "अगंबाई, हो का?" कालव्यावर उभी होते तेव्हा मनात आलं, आता हिलाही कळू दे, न कळणं म्हणजे काय असतं. बस. यापेक्षा मोठं कारण नाही. असतं तर लिहिलं असतं.

मग पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, तुझं पार्सल आलं, आईच्या वाढदिवसाचं. लोकरीची टोपी होती आणि पोरीचा फोटो. मला नंतर कळलं. हेसेलनं टपालखात्याचा नियम म्हणून त्यावर "मृत" लिहिलं आणि परत पाठवलं. त्याचं चुकलं नाही. त्याला वाटलं, तुला केव्हाच कळवलंय. पहिल्या शेजाऱ्यानं कळवलं नसेल असं येप्पुममध्ये कुणाच्या मनात येत नाही.

आता परवाचं सांगते. वीब्रेनची चिठ्ठी एप्रनच्या खिशात घालून गुर्बेकडे गेले. त्यानं खिडकीतून बघितलं होतं, हेसेल आमच्याकडे दोन मिनिटं जास्त थांबला ते.

"काय म्हणते?" तो भिंतीकडे बघून म्हणाला.

मी चिठ्ठी उघडली आणि वाचायला लागले. "'बाबांना सांगा, त्यांची फार आठवण येते. त्यांनी पेज खावी. अंगावर गरम घ्यावं.'"

"आणखी?"

"'इथे बर्फ पडला आहे.'"

तो म्हणाला, "बर्फाचं खरं असेल. बाकीचं तू घातलंस."

"मी कशाला घालू?"

"ती मला बाबा कधी म्हणत होती? चौदाव्या वर्षापासून म्हातारा म्हणते, तोंडावर. आणि पेज खावी म्हणे! मला पेज आवडत नाही हे तिला चांगलं माहीत आहे."

दोन महिने मी ती त्याच्या घशाखाली उतरवतेय. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू शेजारी आहेस. शेजाऱ्याचं नाकारायचं नसतं." मग म्हणाला, "आई मेली तर पोरीनं एक ओळ लिहिली नाही. दीड वर्ष मी वाट बघितली. ती मला पत्र लिहील? विट्स्के, खोटं बोलावं तर नीट बोलावं."

इम्के, त्याला वाटतं तुला कळलं होतं. तुला कळलं आणि तू गप्प बसलीस असं तो धरून चाललाय. तेव्हा सांगायची जागा होती. तोंड उघडलंही. पण बाहेर काय पडलं, तर, "टपाल हरवतं कधी कधी."

मग भांडं उचललं आणि घरी आले.

विट्स्के


येप्पुम, ९ डिसेंबर १९५३

इम्के,

डब्यामागे जागा उरली असेल तर हेही ठेव.

त्याला सांगितलं. डुक्कर कापून झालं त्या दिवशी, हाताला अजून मिठाचा वास होता. त्याच्यासाठी कलेजी नेली होती, पेज बंद केली. त्यानं दोन घास खाल्ले. मी म्हटलं, "गुर्बे, इम्केला मी कळवलंच नव्हतं."

"काय कळवलं नव्हतं?"

"सिब्बेलचं."

"मी सगळ्यांना सांग म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"मग?"

"कालव्यापर्यंत सांगितलं."

त्यानं ताटली माझ्या हातात दिली. टाकली असती तर बरं झालं असतं. नीट दिली, काटा-सुरी वर ठेवून. मग पलंगाची दोन्ही दारं आतून ओढून घेतली. त्या जुन्या दारांना आतून कडी असते हे मी विसरले होते.

तीन दिवस त्यानं मला आत घेतलं नाही. पहिल्या शेजाऱ्याला! मी कपाटाच्या दाराशी उभी राहायची, म्हणायची, "गुर्बे, सूप आहे." आतून, "तुझ्या हातचं नको." अशा वेळी दुसऱ्या शेजाऱ्याला बोलवायचं असतं, पण तुमच्या उजवीकडे आहे कोण? खिडक्यांना फळ्या मारून ती माणसं तुमच्याच बोटीनं गेली.

शेवटी मी डुर्कला म्हटलं, "तू जा."

"मी बोलत नाही त्याच्याशी."

"बोलायला कोण सांगतंय? सूप दे आणि भांडं आण."

गेला. दीड तास आला नाही. आला तेव्हा भांडं विसरून आला होता. काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही. बसलो होतो." दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता गेला. त्यानंच त्याची दाढी केली, अंग पुसलं, चादर बदलली. मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून त्यांच्या धुराड्याकडे बघत होते. उणीपुरी त्रेपन्न वर्षं मी या गावात लोकांच्या मरणाची तयारी करतेय, इम्के. कोण किती दिवसांचं, मला वासावरून कळतं. आणि माझ्या शेजारचा माणूस जायला निघालाय आणि मी खिडकीत.

चौथ्या दिवशी डुर्क म्हणाला, "बोलावलंय तुला. लिहायचं सामान घेऊन ये म्हणतो."

गेले. दारं उघडी होती. फार लहान झालाय गं. कपाटात अर्धी जागा रिकामी.

"लिही," म्हणाला.

"ती उघडत नाही, गुर्बे. पत्रं पिठाच्या डब्यामागे टाकते. वीब्रेननं कळवलंय. तेच मी तुला त्या दिवशी वाचून दाखवलं नाही."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "माझीच आहे." त्यात राग नव्हता. मी खूप ऐकलंय त्याला, चांगला राग कसा असतो त्याचा, मला माहीत आहे.

"तरी लिही," म्हणाला.

"काय लिहू?"

डुर्कनं कॉफी केली, तिघांत वाटली, ती गारही झाली. मला वाटलं, आता शेतीचं सांगेल, चर्चचं सांगेल, तुझ्या लग्नाचं काही बोलेल. त्यानं एवढंच सांगितलं:

"लिही की, मला वाटत होतं तिला कळवलंय."

"आणखी?"

"आणखी कशाला?"

मी लिहिलं. वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली आणि डुर्कला म्हणाला, "दार लाव." तेव्हा पावणेअकरा झाले होते. हेसेल यायचा होता. तरी म्हणाला, लाव.

तर ते वाक्य हे. कागदात आहे, कागद पाकिटात आहे, पाकीट तू उघडणार नाहीस. मी आणखी काय करू? तिथे येऊन तुझ्या दारावर थाप मारता येत नाही. वीब्रेनला शब्द मोड म्हणता येत नाही, शब्द मोडायचा नाही हे मीच त्याला शिकवलं, चामड्याच्या पट्ट्यानं.

विट्स्के


येप्पुम, १९ डिसेंबर १९५३

इम्के,

पाकिटाला काळा काठ आहे, तेव्हा उघडायच्या आधीच तुला कळलं असेल. डुर्क म्हणाला होता, तार कर. तारेत दोन शब्द मावतात आणि ते दोन शब्द काळा काठही सांगतो. मला जास्त जागा हवी होती.

सोमवारी सकाळी गेला, गाई पिळायच्या वेळेला. डुर्क होता जवळ. मीही होते. मोठं काही झालं नाही. श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही.

त्याला मी धुतलं. नाकारायला आता तो नव्हता, तेव्हा माझा हक्क मी घेतला. पांढरा सदरा सिब्बेलनंच शिवून ठेवला होता, दोघांचे बरोबर शिवले होते. मग रुमाल बांधून निघाले. चौतीस घरं उरलीत. पुढचं दार, पायरी, टोपी. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, "विट्स्के, पोरीला कळवलं असेलच?" अशी सहज म्हणाली. मी म्हटलं, "कळवते." तिला तो शब्द खटकला नाही. कशाला खटकेल?

काल नेला. खांदे सहा झाले. डुर्क, बेकरीवाला, चर्चची घंटा वाजवणाऱ्याचा भाऊ, तुमच्या चर्चचे दोन बुजुर्ग, आणि हेसेल, टपालाची टोपी काढून. आमच्या चर्चची माणसं आणि तुमच्या चर्चची माणसं एका पेटीखाली मी पहिल्यांदा बघितली. पावलं जुळत नव्हती. आमची जड पडतात, तुमची घाई करतात.

चर्चला तीन फेरे घालायचे. पहिल्या फेऱ्यात उत्तरेच्या कडेला बाहेरच्या बाजूच्या तिघांना पाय ठेवायला जागाच नव्हती. पाऊस पडून गेला होता. पेटी कलली. हेसेलचा एक पाय खाली गेला, माती सुटली, आणि खाली खड्ड्यात ढेकळं पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मी मागे चालत होते. तुझ्या जागी, कारण घरच्यांच्या रांगेत कुणीच नव्हतं. तुझ्या बापाच्या मागे त्याचं रक्ताचं एक माणूस नव्हतं, म्हणून मी चालले, आणि ज्यांना वाटलं मी फार चांगली शेजारीण आहे, त्यांना तसं वाटू दिलं.

डुर्क ओरडला, "थांबा! सगळे आतल्या अंगाला!" मग आतले तिघं भिंतीला पाठ घासत, तिरके, खेकड्यासारखे चालले. गुर्बे बघत असता तर पोट धरून खोकला असता. बुजुर्गांपैकी एक म्हणाला, "दोन फेरे पुरेत, विट्स्के, देव समजून घेईल." मी म्हटलं, "देव घेईल, मी नाही. तीन म्हणजे तीन." तिन्ही झाले. नेमातलं निदान एवढं तरी मी त्याचं पुरं केलं.

आता मुख्य गोष्ट.

त्यानं मला लिहायला लावलं ते वाक्य तुझ्या डब्यामागे पडलंय. तुला ते माहीत नाही. तुला वाटत असेल, बापानं मुद्दाम कळवू दिलं नाही, आई पुरली आणि पोरीला कापून टाकलं. हे वाटत ठेवून तू म्हातारी होशील. पुढे लिंडाला सांगशील. आणि मी इथे मरेन तेव्हा लोक म्हणतील, विट्स्केनं अर्ध्या गावाचं केलं.

पाकिटावर बाहेर लिहायचं मला नऊ तारखेलाच सुचलं होतं. खरं सांगते. लाज वाटली. पाकीट हेसेल वाचतो. हेसेलनं वाचलं की बेकरीत कळतं. एका बेकरीत कळलं की दुसरीत कळतं, ही एक गोष्ट दोन्ही चर्चं मिळून करतात. येप्पुममध्ये माणूस घरातलं बाहेर लिहीत नाही, आजवर कुणी लिहिलेलं नाही. नऊ तारखेला लिहिलं असतं तर तुझं काही त्याच्यापर्यंत पोचलं असतं का? दिवस मोजून बघितले. पोचलं नसतं. पण मोजून बघितले ते आधी नाही, नंतर.

आज सकाळी लिहिलं. पाठच्या बाजूला, चिकटवायच्या जागेच्या वर, मोठ्या अक्षरात, पेन्सिल नाही, शाई:

"आई गेली तेव्हा इम्केला कळवलंय असं तिच्या बापाला शेवटपर्यंत वाटत होतं. कळवायचं काम माझं होतं. मी केलं नाही. विट्स्के, पहिली शेजारीण."

"शेवटपर्यंत" हे पूर्ण खरं नाही, शेवटचे काही दिवस त्याला माहीत होतं. पण पाकिटावर जागा नव्हती, आणि तेवढं तू आत वाचशील, वाचलंस तर.

डुर्कनं ते बघितलं. चष्मा लावून दोनदा बघितलं. म्हणाला, "लोक वाचतील."

मी म्हटलं, "वाचू देत."

"पुढच्या वेळी निरोप सांगायला तुला कुणी बोलावणार नाही."

त्याचं बरोबर आहे. तो शाईची बाटली बंद करायला उठला, टेबलाशी थोडा वेळ उभा राहिला आणि गोठ्यात गेला. गाईला काहीतरी सांगायला.

तू हे वाचशील का, माहीत नाही. वाचून काही लिहिशील अशी आशा मी धरत नाही. ज्याच्यासाठी एक ओळ मागत होते तो आता मागायला नाही.

अकराला हेसेल येईल. त्याच्या हातात देताना पाठची बाजू वर धरीन.

विट्स्के